शिट्टीवरची भाकरी

फॉर्मवर रकाने दोनच होते. आपण काय शिकवू शकता, आणि आपल्याला काय शिकायचं आहे. पहिल्या रकान्यात मी पेन दाबून लिहिलं, 'व्हर्नियर कॅलिपर आणि मायक्रोमीटर यांचा अचूक वापर'. दुसरा रकाना कोरा ठेवला. चौतीस वर्षं पावणे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी दुसऱ्यांनी बनवलेले सुटे भाग, आमच्या भाषेत जॉब, तपासले आणि जो मापात नसेल त्याच्यावर लाल रंगाचा ठिपका दिला. आता सहासष्टाव्या वर्षी मला कोण काय शिकवणार, असं मला अगदी मनापासून वाटत होतं.

आमच्या कोपरखैरण्यात ज्येष्ठांसाठी विरंगुळा केंद्र आहे. कॅरम, पेपर, महिन्यातून एकदा बीपी, आणि बाकी वेळ एकमेकांची गुडघेदुखी. ते चालवणाऱ्या मॅडम कॉलेजात शिकवून निवृत्त झालेल्या. स्वस्थ बसणं त्यांच्या रक्तात नाही. त्यांनी कुठून तरी परदेशातल्या म्हाताऱ्यांच्या मंडळांशी संधान बांधलं. इकडच्या एकानं तिकडच्या एकाला काहीतरी शिकवायचं, तिकडच्यानं बदल्यात आपल्याला. दर बुधवारी दुपारी चार वाजता, फोनवर, एकमेकांचे चेहरे बघत. पंधरा दिवसांत जोड्या जुळल्या. आमच्या कॅरमच्या टेबलावरचा एक जण जपानच्या आजोबांना पेटी शिकवू लागला. एक बाई ब्राझीलच्या कोणाकडून कागदाची फुलं शिकू लागल्या. माझा व्हर्नियर मात्र जगातल्या एकाही देशाला नको होता. मॅडमनी मला हे इतक्या हळुवारपणे सांगितलं की मला जास्तच राग आला.

शेवटी उरल्या नॉर्वेच्या एक बाई. वय चौऱ्याहत्तर, राहणार डोंगरात, धंदा मेंढ्यांचा. त्यांना लाटण्याशिवाय भाकरी करायला शिकायचं होतं. मॅडमनी केंद्रात विचारलं, "तांदळाची भाकरी हातावर थापता येते कोणाला?" बायका एकमेकींकडे बघू लागल्या. येत सगळ्यांनाच होती म्हणे, पण आता सवय राहिली नव्हती. तेवढ्यात पंख्याखालच्या खुर्चीतून एक हात वर आला.

त्या बोनकोड्याच्या काकी. बोनकोडे गाव आमच्या सेक्टरला अगदी लागून आहे. काकींना विचाराल तर आमचा सेक्टरच त्यांच्या गावाला लागून आहे, आणि माझी बिल्डिंग त्यांच्या भाताच्या खाचरात उभी आहे. माझ्या हॉलच्या बरोबर खाली कुठला बांध होता आणि तिथं पावसाळ्यात किती खेकडे मिळायचे, हेही त्या सांगतात. वय त्यांना नक्की माहीत नाही, नातीनं आधारकार्ड बघून पंचाहत्तर सांगितलं तर म्हणाल्या, "लिवनाऱ्यानं लिवलंय, मी कुठं बगायला गेलेली!" केंद्रात त्या फक्त पंख्यासाठी यायच्या.

काकींना इंग्रजी येत नव्हतं, नॉर्वेच्या बाईंना मराठी येत नव्हतं, आणि मला कोणी घेत नव्हतं. मॅडमनी तिघांची मोट बांधली. मी दुभाषा झालो.

पहिल्या बुधवारी केंद्राच्या चहाच्या ओट्यावर आम्ही जागा केली. फोन उभा राहीना, म्हणून मी माझ्या मायक्रोमीटरची लाकडी पेटी त्याच्यामागे लावली. तेवढा तरी तिचा उपयोग झाला. फोन लागायच्या आधी काकींनी दोन्ही हात माझ्यापुढे धरले. बोटांचे सांधे सुजून वाकडे झाले होते.

"डाक्टर बोलला, हे आता असंच होत जानार," काकी म्हणाल्या. "सुना कामाला जातान. भाकऱ्या गल्लीतल्या बायकडून इकत आनतान. नातीला बोलले, ये, शिकवते, तर ती बोलते, आजी, यूटूबवर हाय. यूटूबला हात हायत काय, भाऊ? ही बोटं हायत तवर कोनाला तरी देऊन टाकायचं हाय मना. मंग ती बाय कुठची का असंना. तिला हे सांगा."

"सांगतो," मी म्हणालो.

फोन लागला. पांढऱ्या केसांची, लाल गालांची बाई, मागे खिडकी, खिडकीत पाऊस. माझं इंग्रजी कारखान्यातलं आणि त्यांचं शाळेतलं. दोघंही जपून बोलत असल्यामुळे चांगलं जमलं. त्यांनी सांगितलं की त्यांच्याकडेही बटाट्याची पातळ भाकरी करतात, लाटण्यानं लाटून, लांब काठीनं तव्यावर उलटतात. आईकडून शिकलेली. पण आता खांदा लाटण्याचा जोर सोसत नाही, आणि भाकरी सोडवत नाही. म्हणून त्या लाटण्याशिवायची भाकरी शोधत होत्या.

"काय बोलली?" काकींनी विचारलं.

"नमस्कार म्हणाल्या," मी म्हणालो. आणि काकींच्या बोटांचं त्यांना काहीच सांगितलं नाही.

आता हे मी का केलं, ते सांगायला हवं. कारखान्यात परदेशी गिऱ्हाइकाचे तपासनीस यायचे तेव्हा त्यांच्याबरोबर मलाच फिरवायचे. तपासनीस विचारायचा, मशीन कसं आहे? आमचा ऑपरेटर म्हणायचा, भंगारात घाला. मी इंग्रजीत म्हणायचो, देखभाल चालू आहे. तपासनीस म्हणायचा, हा माणूस इतका चिडलेला का आहे? मी ऑपरेटरला मराठीत म्हणायचो, साहेबांनी तुझं कौतुक केलं. दोघंही हसून हात मिळवायचे. ऑर्डर यायची. मधल्या माणसानं दोन्ही बाजूंचं खरखरीत काढून टाकायचं, जॉबची धार घासून काढतात तसं, ही माझी कामाची पद्धत होती आणि तिचा मला अभिमान होता. पहिल्याच भेटीत कोणाची दुखणी कशाला?

मग काम सुरू झालं. काकींनी पाणी उकळलं, पीठ टाकलं, झाकण ठेवलं, गरम उकड परातीत काढून मळली, गोळा हातावर घेऊन थापत थापत गोल फिरवला, तव्यावर टाकला, वरून पाण्याचा हात फिरवला, उलटली, आणि भाकरी टम्म फुगली. सगळं इतक्या लवकर झालं की मी 'वॉटर' म्हणेपर्यंत भाकरी टोपलीत होती. तिकडे बाईंनी उकड हातावर घेतली आणि ती दोन्ही बाजूंनी खाली लोंबली.

"हिला सांगा, शेनाच्या शेन्या थापताना पन कोनी इतकं वाईट थापत नाय."

"काकी म्हणतात, सुरुवात छान आहे," मी बाईंना इंग्रजीत सांगितलं.

बाई खूश झाल्या आणि तशाच थापत राहिल्या.

काकींचा पुढचा प्रश्न ठरलेलाच होता. "नवरा हाय का तिला? पोरं किती?"

परदेशी बाईला तोंडावर असं विचारतात का! मी विचारलं, "तुमच्याकडे हवा कशी आहे?" बाई हवेबद्दल बराच वेळ बोलल्या. पाऊस, वारा, वरच्या डोंगरावर बर्फ. इकडे काकी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. काहीतरी सांगणं भाग होतं.

"नवरा आहे," मी म्हणालो. "दोन मुलगे."

"पितो?"

"नाही."

"मंग नशीबवान हाय," काकी म्हणाल्या, आणि त्या दिवसापासून बाईंच्या संसाराच्या मागे लागल्या. दर बुधवारी उकड झाकली की चौकशी. थोरला काय करतो? मी त्याला बँकेत लावला. धाकटा? तो अजून शिकतोय. अजून? मग मी त्याला पास केला. प्रत्येक उत्तरासाठी मी बाईंना हवेबद्दल विचारायचो. बाईंना वाटलं असणार, भारतातल्या लोकांना नॉर्वेच्या पावसाची भलतीच काळजी आहे.

तिसऱ्या बुधवारी बाईंचा कुत्रा त्यांच्या ओट्यावर पाय ठेवून पिठात नाक घालायला लागला. बाईंनी मागे वळून दोन बोटं तोंडात घातली आणि अशी शिट्टी मारली की आमच्या केंद्रातले कॅरम खेळणारे चारही जण उठून उभे राहिले. कुत्रा मुकाट्यानं कोपऱ्यात जाऊन बसला. बाई म्हणाल्या, डोंगरावर मेंढ्या वळवायच्या तर ह्याच्याशिवाय भागत नाही; एक शिट्टी मारली की कुत्रा वळतो, दोन मारल्या की थांबतो.

काकींनी हातातला गोळा परातीत ठेवला.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "हे मना पायजे."

मग कळलं ते असं. काकी लहान असताना भात पिकलं की पाखरं हाकलायला पोरं बांधावर बसायची. भाऊ शिट्ट्या मारायचे. काकी एकदा मारायला गेल्या तर आजीनं पाठीत धपाटा घातला. पोरीच्या जातीनं शिट्टी मारतात का! काकींनी पत्र्याचा डबा वाजवत पाखरं हाकलली. वीस-पंचवीस वर्षं शेती केली, मग शेतीच गेली, बिल्डिंगी आल्या. पाखरंही गेली. शिट्टी तेवढी राहून गेली होती.

तेव्हापासून अर्धा तास भाकरी आणि अर्धा तास शिट्टी. शिट्टीचं दुभाषेपण हा माझ्या आयुष्यातला सर्वांत अवघड हुद्दा. "जीभ मागे दुमडा, बोटांची टोकं जिभेवर, ओठ दातांवर घट्ट," असं बाई सांगायच्या, मी मराठीत सांगायचो, आणि काकी म्हणायच्या, "करून दाखवा." मी करून दाखवायचो. हवा यायची, थुंकी यायची, शिट्टी काही येत नव्हती. काकींच्या तोंडून तर एकदा कवळीच बाहेर आली आणि उकडीत पडली. मी शरमेनं मेलो. बाईंनी फोन जवळ घेतला, आपलीही कवळी काढून दाखवली आणि खूण केली, ही काढूनच मारायची असते. दोन्ही बाया बोळकी उघडून पोट धरून हसत होत्या. मी छताकडे बघत उभा होतो.

काकी घरी गच्चीवर सराव करायच्या. त्यांच्या खालचा भाडेकरू एकदा मला विचारून गेला, आजींना दम्याचा त्रास आहे का?

शिट्टी नाही तर नाही, पण भाकरी तरी यावी ना! दीड महिना झाला तरी बाईंची भाकरी हातावरून तव्यापर्यंत जाईना. काकी म्हणायच्या, अंदाजानं घे, हाताला कळतं. हे ऐकून माझं डोकं फिरायचं. हाताला कळतं म्हणजे काय? मग मीच मनावर घेतलं. एका बुधवारी मी व्हर्नियर आणि तापमापक घेऊन गेलो. काकींच्या टोपलीतल्या पाच भाकऱ्यांचा व्यास घेतला, जाडी घेतली, मधली वेगळी, कडेची वेगळी.

"भाकरीला झबलं शिवताय काय, भाऊ?" काकींनी विचारलं.

मी लक्ष दिलं नाही. पिठाचं वजन, पाण्याचं वजन, उकळीचं तापमान, सगळं लिहिलं. घरी जाऊन भाकरीचं रीतसर ड्रॉइंग काढलं, वरून आणि बाजूनं. मापं दिली, किती कमी-जास्त चालेल तेही दिलं, खाली सही केली, आणि बाईंना पाठवून दिलं. जगात भाकरीचं असं ड्रॉइंग दुसरं नसेल याची मला आजही खात्री आहे.

बाई शिस्तीच्या. त्यांनी पट्टी घेऊन ड्रॉइंगबरहुकूम भाकरी केली. सात केल्या, सातही फाटल्या.

चूक कुठे होती ते मला नंतर कळलं. मी भाजलेली भाकरी मोजली होती. कच्ची भाकरी जाड असते; तव्यावर तिच्यातलं पाणी उडतं आणि ती पातळ होते. बाई कच्चीच इतकी पातळ थापत होत्या की ती उचलताच येत नव्हती. शिवाय काकी थापताना दर दोन थापांनंतर तळहात पाण्यात बुडवत होत्या, ते पाणी माझ्या वजनात कुठेच नव्हतं. चौतीस वर्षं माझ्या टेबलावर जॉब तयार होऊन आला होता. तो कसा होतो ते बघायला मी कधी मशीनपाशी उभा राहिलो नव्हतो. पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी मी गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, तांदूळ खराब आहे.

काकींनी स्क्रीनवरच्या सात फाटक्या भाकऱ्यांकडे पाहिलं, मग आपल्या बोटांकडे पाहिलं.

"हिला नाय येनार," त्या हळूच म्हणाल्या. "एक मिलाली शिकनारी, ती पन अशी. आनी मी पन आता कवापरयंत?"

पण बाईंनी 'काय म्हणाल्या' असं विचारलं तेव्हा मी म्हणालो, "काकी म्हणतात, थोडंच राहिलंय."

इतकं होऊनही मी सुधारलो नाही, उलट बिघडलो. काकींनी धाकट्याच्या लग्नाचा धोशाच लावला होता. शिक्षण झालं, नोकरी लागली, मग घोडं कुठं अडलंय? एका बुधवारी मी वैतागून त्याचं लग्न उरकून टाकलं. मुलगी चांगली आहे, तिकडचीच आहे, घरच्या घरी झालं. काकींना इतका आनंद झाला की त्यांनी ओट्यावरचा गूळ माझ्या तोंडात कोंबला. वाटलं, चला, विषय मिटला.

पुढच्या बुधवारी माझी दाढ काढायची होती. माझ्या जागी मॅडम बसल्या. मॅडमचं इंग्रजी उत्तम आहे आणि स्वभाव सरळ आहे. दोन्ही गोष्टी मला चांगल्याच महागात पडल्या.

दुसऱ्या दिवशी मॅडमचा फोन आला. "तुम्ही बोनकोड्याला जाऊन या," एवढंच म्हणाल्या आणि ठेवला. गाल सुजलेला होता, त्या गालानिशी मी गेलो. काकी दारातच पाटावर बसल्या होत्या. मला बघून उठल्या नाहीत. बाजूची कागदी पुडी उचलून त्यांनी माझ्या हातात ठेवली. आत हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या. नव्या नवरीसाठी घेतलेल्या. काल त्यांनी त्या फोनसमोर धरून बाईंना विचारलं होतं, सुनेचा हात केवढा आहे.

"लगीन तुमी लावलात," काकी म्हणाल्या, "बांगड्या पन तुमीच घाला."

मी पुडी धरून उभा राहिलो.

"नवरा मेला तिचा. सात वरसं झाली. पोर एक पन नाय. खांदा गेलाय, लाटनं उचलत नाय. म्हनून ती शिकाला आलेली. हे तुमाला म्हाईत व्हतं?"

"खांद्याचं माहीत होतं."

"आनी माज्या बोटांचं तिला सांगितलंत?"

"नाही, काकी."

"शेन्यांचं?"

"तेही नाही."

काकी म्हणाल्या, "दोन म्हाताऱ्या तीन म्हयने एकमेकींना नुसत्या हसून दावत व्हत्या, भाऊ. तिला वाटत व्हतं मी खूश हाय. मना वाटत व्हतं तिचं भरलं घर हाय, ती कशाला जीव लावून शिकंल!"

मला खरोखर लाज वाटली. आयुष्यात मी शेकडो जॉब नापास केले, पण एवढा मोठा जॉब माझ्या हातून कधी खराब झाला नव्हता. मी माफी मागितली. गाल सुजल्यामुळे ती नीट उच्चारताही येईना. काकींनी ती पूर्ण ऐकून घेतली, मदत केली नाही. मग म्हणाल्या, "बुधवारी या. फोन धरा. तोंड उघडायचं नाय."

बुधवारी मी फोन धरला. तोंड उघडलं नाही. फोन लागला. काकींनी आपली वाकडी बोटं फोनपुढे धरली. बाईंनी आपला खांदा दाबून दाखवला. मधे कोणी बोलणारं नव्हतं आणि कोणाला त्याची गरजही वाटत नव्हती. मला आत कुठंतरी टोचलं, खोटं का बोला! तीन महिने मी स्वतःला पूल समजत होतो.

काकींनी उकड घेतली आणि आपला तळहात बाईंना दाखवला, कोरडा. मान हलवली, "नाय." हात पाण्यात बुडवला, ठिबकता दाखवला, "हां." बाईंनी हात बुडवला. थापायला लागल्या. पातळ होऊ लागली तशी काकींनी ओट्यावर चापट मारली, "नाय! नाय!" बाई थांबल्या. "नाय?" त्यांनी विचारलं. तो त्यांचा पहिला मराठी शब्द. तीन महिन्यांत त्यांना कोणी 'नाही' म्हटलंच नव्हतं, माझ्यामुळे.

पाच भाकऱ्या गेल्या. सहावी हातावर फिरली. बाई डोळे बारीक करून, जीभ दातात धरून थापत होत्या. काकी इकडे रिकाम्या हातांनी तेच करत होत्या, बोटं दुखत असणार तरी करत होत्या. भाकरी तव्यावर पडली, अखंड. वरून पाण्याचा हात फिरला. लांब काठीनं बाईंनी ती उलटली. आधी कडेला एक फोड आला, मग मधे एक, आणि मग भाकरी सगळीच्या सगळी वर उठली.

बाई ओरडल्या. मी ओरडलो, कारण ओरडायला बंदी नव्हती. काकींनी कवळी काढून माझ्या हातात दिली, पिठाची दोन बोटं तोंडात घातली, आणि शिट्टी वाजली.

हवा नाही, थुंकी नाही. शिट्टी. पासष्ट वर्षं आत राहिलेली, चांगली लांब, केंद्राच्या भिंती ओलांडून बाहेर गेलेली. बाहेरून वॉचमन धावत आला. आणि फोनमध्ये, बाईंच्या मागे कोपऱ्यात झोपलेला तो कुत्रा ताडकन उठला, वळला, आणि मालकिणीला सोडून फोनकडे, काकींकडे बघत उभा राहिला.

"बगा," कवळीशिवाय काकी म्हणाल्या, "माजं आयकतो."

याला वर्ष होत आलं. मधे केंद्रात नवा फॉर्म आला. पहिला रकाना मी कोरा ठेवला. दुसऱ्यात लिहिलं, तांदळाची भाकरी. मॅडमनी तो वाचला आणि माझी जोडी लावून दिली, त्याच दोघींशी.

तेव्हापासून मी शिकतोय. घरी मी एकटाच. बायको गेल्यापासून डब्याची पोळी खात होतो, तेव्हा मला गरजही आहे. बोटांना चटके बसतात, कडा चिरतात, भाकरीचा आकार कुठल्याच ड्रॉइंगमध्ये बसत नाही. मी एकदा काकींना कारखान्यातल्या लाल ठिपक्याची गोष्ट सांगितली, ते चुकलंच. आता त्या माझी प्रत्येक बिघडलेली भाकरी नीट निरखतात, बोट मिरचीपुडीत बुडवतात आणि मधोमध एक लाल ठिपका देतात. ती भाकरी मला तिथंच बसून खावी लागते. पहिल्या महिन्यात मी इतकं तिखट खाल्लं की मला ऑपरेटर लोकांचे जुने चेहरे आठवले. त्यांची आता माफी मागायची तर कुठं जाऊन मागणार?

काकींना यंदाच्या थंडीपासून थापता येत नाही. एका बुधवारी त्यांनी गोळा हातावर घेतला आणि तो तसाच परत परातीत ठेवला. बाईंनी तिकडून पाहिलं, इकडून मी पाहिलं. काकींनी ओट्यापासून खुर्ची मागे ओढली आणि फोन आणि मी असे दोघंही समोर दिसू, अशा बेतानं बसल्या. कवळी काढून रुमालात ठेवली.

"थापा," त्या म्हणाल्या.

तेव्हापासून असंच चालतं. नॉर्वेत बाई थापतात, कोपरखैरण्यात मी थापतो, आणि काकी मधे बसून शिट्टी मारतात. एक शिट्टी, उलटा. दोन शिट्ट्या, काढा. भाकरीला नको झालेली बोटं शिट्टीला अजून चालतात. कुत्रा सुरुवातीला प्रत्येक शिट्टीला उठायचा, आता त्यालाही कळलंय की ही त्याच्यासाठी नाही. मी मात्र दर शिट्टीला उठतो.

परवाच्या बुधवारी एक शिट्टी झाली. दोन्हीकडच्या भाकऱ्या एकदम उलटल्या. तिकडची फुगली, तिला ते रोजचंच झालंय. मग इकडची कडेनं उठली, थबकली, आणि पूर्ण फुगली. काकींनी खुर्चीतून वाकून ती पाहिली. मिरचीपुडीकडे हात नेला नाही. दोन शिट्ट्या मारल्या, बोटं पदराला पुसली आणि हात मांडीवर ठेवून दिले.

"झाला माजा सैपाक," त्या म्हणाल्या.